चमकते ते सगळे कॅन्सर नव्हे

सरोजिनी नगर म्हटले की दिल्लीकरांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. तिथून जवळच, रिंग रोडच्या पलीकडे, एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी सरकारी रुग्णालये समोरासमोर उभी आहेत. गुडघ्यावर सूज घेऊन इथे येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे ‘खेळताना लागले असेल’ म्हणण्यात अनेकदा काही आठवडे गेलेले असतात. एक्स-रेमध्ये हाड संशयास्पद दिसले की पुढचा प्रश्न असतो: रोग फक्त तिथेच आहे की आणखी कुठे पसरलाय?

हा प्रश्न किती कळीचा, ते कॅनडाच्या टेरी फॉक्सच्या गोष्टीत दिसते. त्याचा पाय 1977 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ऑस्टिओसार्कोमामुळे कापावा लागला. 1980 मध्ये कृत्रिम पायाने देशभर धावताना कॅन्सर फुफ्फुसांत आढळला आणि पुढच्या वर्षी तो गेला. हाडांचा हा कॅन्सर सर्वांत आधी फुफ्फुसांकडे वळतो. कोणत्याही स्कॅनची परीक्षा खरी तिथेच होते.

1971 मध्ये सुब्रमण्यन आणि मॅकॅफी या संशोधकांनी किरणोत्सारी टेक्नेशियमला फॉस्फेट संयुगाची जोड दिली आणि बोन स्कॅन सर्वत्र रुळला. जिथे नवे हाड बनते तिथे हे औषध जाऊन बसते. यातच त्याचे बळ आहे आणि उणीवही. ऑस्टिओसार्कोमा स्वतः हाड बनवतो, म्हणून त्याची फुफ्फुसातली गाठसुद्धा कधीकधी बोन स्कॅनवर उठून दिसते. हाडांचा दुसरा कॅन्सर, इविंग सार्कोमा, मात्र मज्जेत पसरतो, नवे हाड फारसे न बनवता, आणि तिथे हा स्कॅन चकतो.

इविंगमध्ये पेट-सीटी या दुसऱ्या स्कॅनने खरोखर बाजी मारली. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज भुकेल्या पेशी ओढून घेतात, त्यामुळे मज्जेतला रोगही उघडा पडतो. पेट स्वच्छ असेल तर मज्जेची बायोप्सी टाळावी, असा कल अलीकडे अनेक केंद्रांत दिसतो. कमरेत सुई खुपसून घ्यावी लागणाऱ्या पोराच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही. हे फ्लोरिन बनवणारा भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली आला, पेटची सुरुवातही तिथूनच.

पण पेट-सीटी झाला की सगळे झाले, ही समजूत घातक आहे. पेटसोबतचा सीटी सहसा श्वास चालू असताना, कमी किरणांत काढतात. काही मिलिमीटरच्या गाठी त्यात निसटतात. छातीचा वेगळा सीटी, श्वास रोखून, लागतोच. मूळ हाडाचा संपूर्ण एमआरआयही लागतो, कारण त्याच हाडात वर-खाली सुटी गाठ लपलेली असू शकते. एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हावा. सुई किंवा चाकू लागल्यावर आजूबाजूची सूज आणि रक्त चित्र गढूळ करतात.

वयाची अडचण याहून मोठी. किशोरवयात हाडांची टोके वाढत असतात आणि तिथली वाढपट्टी बोन स्कॅनवर तेजस्वी दिसते. दोन्ही गुडघे सारखेच उजळले तर ती वाढ. एकच बाजू जास्त उजळली तर तपास. पण याच पट्टीला लागून ऑस्टिओसार्कोमा होतो! पेटवरही थंडीने मानेतली तपकिरी चरबी पेटून उठते आणि नवख्याला त्या जागी लसिका-गाठी दिसतात, म्हणून इंजेक्शनआधी मुलाला उबदार ठेवतात. प्रौढांचे स्कॅन वाचून तयार झालेली नजर इथे अपुरी पडते. अहवालात कुठे किती तेज आहे याचे आकडे मिळतात. ते वाढीचे की रोगाचे, हे स्पष्ट लिहिलेले फार क्वचित आढळते.

केमोआधी आणि नंतरचे आकडे ताडून औषध लागू पडले का, याचा अंदाज घेतात. त्यासाठी दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच यंत्रावर, इंजेक्शननंतर तितक्याच वेळाने व्हायला हवेत. पहिला एका शहरात, दुसरा दुसऱ्या, आणि फाईलमध्ये फक्त छापील कागद, अशी गत झाली की तुलना जवळपास कुचकामी ठरते.

पुरवठ्याचा प्रश्न वेगळाच. टेक्नेशियमचा कच्चा माल बनवणारी कॅनडाची एनआरयू अणुभट्टी मे 2009 पासून ऑगस्ट 2010 पर्यंत बंद पडली तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. पेटच्या फ्लोरिनचे अर्धायुष्य 110 मिनिटांचे. सायक्लोट्रॉनपासून लांबच्या गावाला ते साठवून ठेवता येत नाही. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून संशोधन-अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्राने मे 2020 मध्ये केली होती. पेट न मिळालेल्या लांबच्या जिल्ह्यातल्या मुलाला बोन स्कॅन, छातीचा सीटी, एमआरआय आणि इविंगमध्ये मज्जेची बायोप्सी यांची नीट जोडणी मिळाली, तरी उपचार सुरू करण्याइतके चित्र हाती येते.