शहाणा परजीवी यजमानाला मारत नाही म्हणे!

"शहाणा परजीवी आपल्या यजमानाला मारत नाही. राहतं घर जाळून तो जाणार कुठे?" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. मी ते अकरावीत ऐकलं, बीएस्सीच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी ज्युनिअर मुलांच्या प्रॅक्टिकलला स्वतः ऐकवलंसुद्धा. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग नारूचं काय? माझ्या आजीच्या पायातून निघाला होता. दोन महिने अंथरुणात होती." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज त्या वाक्याचाच समाचार घ्यायचाय.

आधी शब्द. परजीवी म्हणजे दुसऱ्या सजीवावर किंवा त्याच्या आत राहून त्याच्याच जिवावर जगणारा, आणि त्यात त्याचं नुकसान करणारा. ज्याच्यावर जगतो तो यजमान. (हा शब्द मला कायम खटकतो. यजमान पाहुण्याला बोलावतो तरी! 'पोशिंदा' बरा होता, पण पुस्तकांत यजमान रुळलाय.) या व्याख्येत कुठेही शहाणपणा नाही. तो आपण आपल्या पदरचा घालतो.

आता नारू. हा एक लांबलचक जंत. मादी जवळपास मीटरभर होते. तळ्यातलं किंवा पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं, की त्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या जलचरांबरोबर नारूची अळी पोटात जाते. पुढे साधारण वर्षभर तुम्हाला काहीही कळत नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो आणि आग आग होते. माणूस काय करतो? पाय पाण्यात बुडवतो. नेमकं तेव्हाच फोड फुटतो, मादी तोंड बाहेर काढते आणि लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स खातो आणि चक्र पुन्हा सुरू. पूर्वी तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे. तुटला तर जखम चिघळायची.

म्हणजे इथे वेदना ही परजीवीची चूक नाही. वेदनाच त्याला पाण्यापर्यंत नेते. पाय दुखला नसता, तर आजी तो पाण्यात कशाला घालती?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "नातं नवीन असेल, जुनं झालं की निवळेल." नारूचं माणसाशी नातं किती जुनं? इजिप्तमधल्या एका ममीत चुन्यासारखा कडक झालेला नारू सापडलाय. हजारो वर्षं गेली, पण निवळलं काहीच नाही.

मग हे वाक्य आलं कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थिओबाल्ड स्मिथसारख्या शास्त्रज्ञांच्या लिखाणातून ही कल्पना पसरली, आणि तिला सर्वांत मोठा पुरावा मिळाला तो ऑस्ट्रेलियातल्या सशांचा. निदान सगळ्यांना तसं वाटलं. तिथे सशांचा सुळसुळाट झाला होता. १९५० मध्ये मिक्सोमा नावाचा विषाणू त्यांच्यात सोडला. (विषाणू म्हणजे जंत नव्हे, पण दुसऱ्याच्या पेशीवाचून तो वाढत नाही, म्हणून या हिशेबात तोही परजीवीच.) सुरुवातीला लागण झालेल्या १०० पैकी ९९ हून जास्त ससे मरत. काही वर्षांतच फ्रँक फेनर यांना रानात कमी घातक प्रकार जास्त दिसू लागले. पुस्तकं इथे थांबतात. "बघा, विषाणू सौम्य झाला!"

पण आकडे पुढे वाचा ना. जो 'सौम्य' प्रकार सर्वांत जास्त पसरला, तो प्रयोगशाळेतल्या सशांमध्ये ७० ते ९५ टक्के मारत होता. याला सौम्य म्हणायला फार मोठं मन लागतं! त्याहून खरोखर सौम्य प्रकारही निर्माण झाले होते, पण ते मागे पडले. का? मिक्सोमा पसरतो डास आणि पिसवांमार्फत, सशाच्या कातडीवरच्या फोडांतून. ससा आठवड्याभरात मेला तर डासांना वेळच मिळत नाही. ससा लवकर बरा झाला तर फोडांत विषाणू पुरेसा नसतो. मधला प्रकार सशाला जास्त दिवस आजारी ठेवतो, म्हणून तो जिंकतो. पुढे ससे प्रतिकार करायला शिकले, तशी विषाणूची धारही वाढत गेली. १९९० च्या दशकातले काही प्रकार तर सशाची प्रतिकारयंत्रणाच कोलमडवून टाकतात. हा काही समझोता नव्हे.

१९८२ मध्ये रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी हा हिशेब गणितात मांडला. एका यजमानातून परजीवी किती नव्या यजमानांपर्यंत पोचतो, एवढंच निवड मोजते. यजमानाचं भलं-बुरं त्यात आलंच तर या आकड्यापुरतं. म्हणजे सौम्यपणा हे गंतव्य नाही. वाट कशी आहे यावर तो ठरतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. एका यजमानात बहुतेक वेळा एकटाच परजीवी नसतो. सामाईक विहिरीवर दोन भावांच्या दोन मोटारी असल्या, की पाणी जपून वापरणाऱ्या भावाचं काय होतं ते गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. शरीरातही तेच. जपून खाणारा मागे पडतो, ओरबाडणारा पुढे जातो. सगळ्यांच्या दूरच्या भल्यासाठी कुणी थांबत नाही.

मग ते वाक्य साफ खोटं का? नाही, आणि इथेच मजा आहे. १९९३ मध्ये ॲलन हेर यांनी पनामातल्या अंजीरवर्गीय झाडांच्या ११ जातींच्या गांधीलमाश्या तपासल्या. (आपल्या उंबरातही अशाच इवल्याशा माश्या असतात.) या माश्यांत सूत्रकृमी राहतात. जिथे एका फळात एकच मादी शिरते, तिथे कृमीला फक्त तिच्याच पिल्लांत जाता येतं. आई खचली, की त्याचा रस्ता बंद. तिथे कृमी सौम्य निघाले. जिथे एका फळात अनेक माद्या शिरतात, तिथे त्यांना इतरांच्या पिल्लांतही उडी मारता येते. तिथे ते जास्त घातक निघाले. सगळे सूत्रकृमीच. फरक रस्त्याचा.

तुम्ही म्हणाल, पुस्तकातल्या एका वाक्यासाठी एवढा आटापिटा का? कारण ते वाक्य पुस्तकात राहत नाही. कोविडच्या काळात आमच्या फॅमिली ग्रुपवर ते कितीदा आलं, मोजलंसुद्धा नाही: "विषाणू शहाणा असतो, आपोआप सौम्य होतो, घाबरू नका." पाठवणाऱ्यांत माझे एक मास्तरही होते. कोविडचा विषाणू तर बहुतेकदा माणूस गंभीर व्हायच्या आधीच दुसऱ्याकडे पोचलेला असतो. नंतर त्या माणसाचं काय होतं, याने विषाणूच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

नारूचा भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. नारू तेव्हाही तितकाच दुखत होता. लोकांनी पाणी फडक्यातून गाळलं, हातपंप आले, विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. त्याचा रस्ता तोडला.

या वर्षीच्या प्रॅक्टिकलला मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मुलांना ते खोडायला सांगितलं. ती मुलगी आता एमएस्सीला आहे. मी तिला हे सगळं सांगितल्यावर म्हणाली, "आजीला सांगते, तिचा जंत बिनडोक नव्हता." मी म्हटलं, "अगं, शहाणाही नव्हता."