टर्मक्स: फोनवर बिल्ड झालं, पण अ‍ॅपमध्ये चालेल?

लॅपटॉप नसला तरी टर्मक्समध्ये क्लँग टाकून तुम्ही थेट अँड्रॉइड फोनवर शेअर्ड लायब्ररी बांधू शकता. शिकायला मस्तच! पण तिथे चालली म्हणून तीच फाइल स्वतःच्या अ‍ॅपमध्ये ढकलू नका. सी प्लस प्लसचा कोड असेल तर तिला सहसा त्या भाषेची रनटाइम लायब्ररीही लागते. टर्मक्सकडे ती त्याच्या खासगी फोल्डरमध्ये असते, आणि दुसऱ्या अ‍ॅपला तिथे डोकावता येत नाही. मग लायब्ररी लोड होत नाही आणि माणूस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. मला टर्मक्सचं हेच खटकतं: बिल्ड कुणाच्या जिवावर उभं आहे, ते आपणहून सांगत नाही. त्यासाठी रीडएल्फ चालवून ‘नीडेड’च्या ओळी वाचा. आणि हो, फाइल डाउनलोड्समध्ये ठेवून तिथून लोड करायला जाऊ नका; ते स्टोरेज नोएक्झेक असतं.