अप्रत्यक्ष मारा आणि निरीक्षकाचे मोल : ‘बॅटलटेक’मधील एका नियमाची चिकित्सा

अमेरिकेतील ‘फासा’ या कंपनीने १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने प्रसिद्ध केलेला आणि १९८५ पासून ‘बॅटलटेक’ म्हणून ओळखला जाणारा खेळ हा महाकाय युद्धयंत्रांच्या संग्रामाचा पट होय. (कंपनीचे नाव व मराठीतील फासा यांतील साम्य हा केवळ योगायोग.) षट्कोनी घरांच्या नकाशावर, दोन फाशांच्या आधारे चालणाऱ्या या खेळात दीर्घ पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना एक विशेष मुभा आहे. मारा करणाऱ्यास लक्ष्य दिसत नसले, तरी स्वपक्षातील अन्य घटकास ते दिसत असल्यास मारा करता येतो.

‘टोटल वॉरफेअर’ (२००६) या नियमग्रंथानुसार अंतर मोजावयाचे ते मारा करणाऱ्यापासून. मधली झाडी मात्र निरीक्षकाच्या दृष्टिरेषेवरील धरावयाची. हालचालीचा भार तिघांचाही पडतो. नेमबाजीचे कौशल्य ४, मध्यम पल्ल्याचे २, लक्ष्याच्या हालचालीचा १, चालत आलेल्या निरीक्षकाचा १ व अप्रत्यक्षतेचा १ असे धरल्यास, मारा करणारा स्थिर असतानाही, ९ किंवा अधिक दान पडावे लागते. म्हणजे ३६ पैकी १० शक्यता. निरीक्षकाने त्याच फेरीत स्वतःही शस्त्र चालविल्यास शक्यता ३६ पैकी ६ वर येते, शिवाय त्याचा स्वतःचा नेमही एका गुणाने बिघडतो. डोळा व्हावे की शस्त्र, ही निवड निरीक्षकावर लादणे हेच या नियमाचे खरे सामर्थ्य आहे.

उणिवा स्वारगेटच्या भूगोलावर ताडून पाहता येतात. निरीक्षक पर्वतीच्या माथ्यावर, लक्ष्य स्वारगेट चौकात आणि मारा करणारा टेकडीआड, अशी कल्पना करावी. एक घर ३० मीटरचे व कमाल पल्ला २१ घरांचा, म्हणजे ६३० मीटर. पर्वती ते स्वारगेट हे अंतर एक किलोमीटरहून अधिक आहे. ‘दीर्घ पल्ल्या’चे क्षेपणास्त्र चौकापर्यंत पोहोचतच नाही! पटावर खेळ मावावा म्हणून केलेली ही तडजोड क्षम्य म्हणता येईल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई याच पर्वतीवरून पाहिली. त्या पाहण्याचा रणांगणावरील बापू गोखल्यांना उपयोग झाला नाही. पाहणे आणि कळविणे यांत अंतर असते. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) आडोशामागील तोफांना टेलिफोनची जोड मिळाली ती याच कारणाने. खेळात मात्र दहा सेकंदांच्या फेरीत पाहिलेले विनासायास पोहोचते, आणि चुकलेल्या माऱ्यावरून पुढचा नेम सुधारण्याची सोयही या नियमात नाही.

त्याच लक्ष्यावर लागोपाठ दुसऱ्या फेरीत, जागा न सोडता नजर ठेवणाऱ्या निरीक्षकामुळे अप्रत्यक्षतेचा गुण माफ करावा. वरील उदाहरणात ८ ऐवजी ७ चे दान पुरेल. शक्यता ३६ पैकी १५ वरून २१ होईल, आणि प्रतिपक्षास प्रथम निरीक्षकावरच शस्त्र रोखावे लागेल.