‘मुक्ती’ आणि ‘नियमितता’ : उपचारांच्या परिभाषेचे एक परीक्षण

व्यसनाचा उपचार आणि एच. आय. व्ही. बाधितांचा उपचार ही दोन कामे रुग्णाच्या गावाजवळ, एकाच छपराखाली व्हावीत, हा विचार आता वैद्यकात मान्य झाला आहे. मद्यपानामुळे औषधाच्या वेळा चुकतात आणि वेळा चुकल्या की विषाणू बळावतो, हे त्याचे साधे कारण. परंतु दोन कामे एकत्र आणावयाची, तर त्यांच्या परिभाषांचाही मेळ बसावा लागतो. तो अद्याप बसलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठव्या अधिकरणात राज्यावरील संकटे आणि पुरुषाचे दोष या दोहोंना ‘व्यसन’च म्हटले आहे, श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची उपपत्ती. मराठीत संकटाचा अर्थ मागे पडून दोषाचा तेवढा उरला. त्यास ‘मुक्ती’ जोडताच मोक्षाची छाया पडते. मुक्ती अंशतः मिळत नाही, आणि मिळाल्यावर ढळतही नाही. याउलट, भारतात २००४ पासून शासनामार्फत विनामूल्य मिळू लागलेली विषाणूरोधक औषधे आजन्म घ्यावयाची असतात. तेथे कसोटी नियमिततेची. आणि नियमितता कमीअधिक असू शकते.

या विसंगतीचे परिणाम पोलादपूरसारख्या ठिकाणी ध्यानी घ्यावे लागतात. मुंबई-गोवा महामार्गावरचे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे हे गाव. मालमोटारींची वर्दळ आणि चाकरमान्यांची ये-जा नित्याची. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अशा गावच्या रुग्णास गोळ्यांसाठी एकीकडे व दारूसाठी दुसरीकडे धाडणे, म्हणजे कोठेच न धाडण्यासारखे आहे.

आता बोलीचा व्यवहार पाहावा. ‘तो घेतो’ या वाक्यात कर्म नाही. तरी अर्थाविषयी कोणासही शंका येत नाही. समुपदेशकाने ‘नियमित घेता ना?’ असे विचारले, तर रुग्णाने कोणते कर्म गृहीत धरावे? ‘सुटणे’ या क्रियापदाची गतही तशीच. ‘दारू सुटली’ हे शुभवर्तमान, ‘गोळ्या सुटल्या’ हे अरिष्ट. एकाच माणसाच्या बाबतीत ही दोन वाक्ये एकमेकांना बांधलेली असतात. विचारणारे मात्र दोन असतात.

‘मुक्ती’ या शब्दाने कुटुंबांना धीर दिला आहे, हे नाकारता येत नाही. पण ज्याचा पाय पुन्हा घसरला, तो या शब्दापुढे अपराधी ठरतो, केंद्राकडे फिरकेनासा होतो, आणि दारूबरोबर गोळ्यांचा प्रश्नही अंधारात जातो. या दृष्टीने १९८६ साली पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे ‘मुक्तांगण’ हे नाव अधिक समंजस वाटते. अंगण हे स्थान आहे, सिद्धी नव्हे. तेथे परत येता येते. २०१७ च्या एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायद्यानेही धोका कमी करण्याच्या उपायांना संरक्षण दिले आहे. सुईने मादक द्रव्य घेणाऱ्यास ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देण्यामागेही हीच पायरीपायरीची दृष्टी आहे. दारूविषयीच्या आपल्या भाषेत ती अजून उतरलेली नाही.

‘सोडलीत का?’ या प्रश्नाला होय वा नाही एवढेच उत्तर संभवते, आणि भीतीपोटी ते बहुधा ‘होय’ असे येते. ‘या महिन्यात गोळी किती वेळा चुकली, आणि त्यांतल्या किती वेळा दारूमुळे?’ हा प्रश्न दोन्ही उपचारांना एका वाक्यात आणतो. एकात्मतेचा आरंभ इमारतीपूर्वी अशा वाक्यापासून व्हावयास हवा.