लेक्टरला भूतकाळ कशाला?

थॉमस हॅरिसच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये (१९८८) हॅनिबल लेक्टर स्वतःचं कुठलंही स्पष्टीकरण नाकारतो. पुढे ‘हॅनिबल रायझिंग’मध्ये (२००६) हॅरिसच ते सविस्तर देतो: युद्धकाळातला लिथुआनिया, भुकेले लुटारू आणि त्यांनी खाल्लेली धाकटी बहीण मिशा.

कोडमधल्या बगचं मूळ सापडलं की आम्ही इंजिनिअर तिकीट बंद करतो. वाचतानाही मी तेच केलं. मिशा कळली आणि लेक्टरने मारलेली माणसं मी विसरलो.

‘रेड ड्रॅगन’मधल्या (१९८१) डॉलरहाइडचं बालपणही छळाचंच. पण तिथे तपास करणारा ग्रॅहम मेलेल्यांच्या रिकाम्या घरांतून फिरत राहतो, त्यामुळे आपल्यालाही ती माणसं विसरता येत नाहीत. खलनायकाला भूतकाळ जरूर द्यावा. फक्त ते तिकीट बंद होऊ देऊ नये.