‘धाग्यावर अवलंबून नाही’ : एक पेपर आणि आप्पांचे हातमोजे

पारनेरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीची लाइट असली की आमचे आप्पा अकराच्या पुढे कांद्याला दारं धरायला जातात. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, वर घोंगडी. उघडे राहतात ते हात. पूर्ण हातमोजे चालत नाहीत, कारण फावडं धरायचं, स्टार्टरचं बटण दाबायचं, मोबाइल लावायचा, आणि बोटं पाण्यात जातातच. म्हणून गेल्या वर्षी मी बिनबोटांचे, बोटांच्या पेरांपासून कोपराच्या चार बोटं खालपर्यंत जाणारे लांब हातमोजे विणायला घेतले. दोन सुलट, दोन उलट, गोल. सहा आठवड्यांत ते मनगटाशी गोळा होऊन पडायला लागले. आज लिहायचंय ते मात्र एका पेपरबद्दल, कारण माझी चूक त्या पेपरच्या वाचनात झाली होती. जे पेट-सेटची तयारी करतायत आणि सिनॉप्सिससाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून फोल्डर भरतायत, त्यांनी वाचावं म्हणून लिहितेय.

पेपर आहे नेचर कम्युनिकेशन्समधला, २०२४ चा. पहिलं नाव कृष्मा सिंघल, गट एलिझाबेता मात्सुमोतो यांचा, अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधला. विषय असा : सुयांवर विणलेलं कापड ताणलं की किती लांबतं, आणि ते टाक्यांच्या रचनेवरून आधीच सांगता येईल का?

मराठीत वाचताना एक अडचण लगेच येते. आपण मागावर घोंगडीही ‘विणतो’ आणि सुयांवर स्वेटरही ‘विणतो’. फिजिक्सच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घोंगडीत उभा धागा सरळ, आडवा धागा सरळ. त्या दिशांना ओढली तर धागाच ताणावा लागतो, म्हणून ती फारशी देत नाही. वर चिंचोक्याची खळ, मग तर विचारूच नका. सुयांवरच्या कापडात सरळ धागा कुठेच नसतो, सगळे फासे. ओढलं की फासे आकार बदलतात, धाग्याची लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणून अजिबात न ताणणाऱ्या धाग्याचंही ताणणारं कापड होतं. सॅम्युएल पोआंक्लू, मोख्तार अद्दा-बेदिया आणि फ्रेडरिक लेशनो यांनी २०१८ साली फिजिकल रिव्ह्यू एक्समध्ये नायलॉनच्या धाग्याची साधी सुलट वीण घेऊन हेच मांडलं होतं : धाग्याची लांबी कायम, ऊर्जा लागते ती वाकवायला.

मात्सुमोतो गटाने त्यापुढे जाऊन चार कापडं घेतली. सगळी सुलट वीण. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी दिसणारी गार्टर. उलट-सुलटच्या उभ्या पट्ट्यांची रिब. आणि एकाआड एक उलट-सुलट, बुद्धिबळाच्या पटासारखी. चारही कापडं दोनच टाक्यांची. आणि खरं म्हणजे टाका एकच, कारण फासा मागून पुढे ओढला तर सुलट, पुढून मागे ओढला तर उलट. सुलट टाका पाठीमागून बघितला की उलटच दिसतो. प्रयोगात बदलतं ते एवढंच, की कुठला फासा कुठल्या बाजूला ओढलाय. एवढ्याने कापडाचा स्वभाव बदलतो. एकच गोष्ट बदलून बाकी सगळं धरून ठेवणं म्हणजे काय, हे शिकायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

रिबचं कारण हातात धरून बघण्यासारखं आहे. सगळी सुलट विणलेली पट्टी टेबलावर सपाट राहत नाही, तिच्या उभ्या कडा मागच्या बाजूला गुंडाळतात. प्रत्येक सुलट फाशात तो ओढा असतो. उलटमध्ये तोच ओढा विरुद्ध दिशेला. दोन सुलट, दोन उलट लावले की सुलटची पट्टी पुढे येते, उलटची मागे जाते, कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं चुण्या घेऊन आत बसतं. आडवं ओढलं की आधी चुण्या उघडतात, त्याला जोर फारसा लागत नाही. चुण्या संपल्या की मग फाशांना हात घालावा लागतो, आणि ग्राफ वर उचलतो.

लांब हातमोज्याला हेच तर हवं असतं. आप्पांचं मनगट १७ सेंटिमीटर, कोपराखालचा घेर २६. टाके न वाढवता एकच सरळ नळी दोन्हीकडे बसायला हवी, तर १७ ते २६ च्या दरम्यान ताण फार बदलता कामा नये. दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. मनगटाला ताण कमी पण त्रिज्याही लहान, कोपराखाली ताण जास्त पण त्रिज्या मोठी. ग्राफचा सुरुवातीचा भाग आडवा असेल तर दोन्हीकडचा दाब हाताला जवळपास सारखाच लागतो. ४४ टाके, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या चार दुटोकी सुया. तीन सुयांवर १६, १६ आणि १२, चौथीने विणायचं. टाके चारच्या पटीत वाटले की कुठल्याही सुईवर पट्टी अर्धी तुटत नाही. हातमोजा मोकळा ठेवला की रुंदी ७, म्हणजे घेर १४. इथपर्यंत पेपर आणि हात यांचं एकमत होतं.

आता मी अडकले ते वाक्य. अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटी, थोडक्यात, असा दावा आहे की या मॉडेलवरून हव्या त्या यांत्रिक गुणांची कापडं रचता येतील, आणि हे गुण मुळात धागा कुठला यावर अवलंबून नसतात. मी हे वाचलं आणि नगरच्या कापडबाजारातून सगळ्यात स्वस्त कॅशमिलॉनचे गुंडे घेऊन आले. आत्याने गुंडा चिमटीत दाबून बघितला. “ढिलं पडंल गं हे,” म्हणाली. मी तिला पेपर समजावून सांगितला. हो, खरंच सांगितला.

त्या वाक्याचं सगळ्यात बळकट रूप आधी मांडते, कारण टीका करायची तर त्याच रूपावर करावी. धागा बदलला तर आकडे बदलणारच. जाड धागा वाकवायला जास्त जोर लागतो हे लेखकांना तुमच्या-माझ्यापेक्षा बरं माहीत आहे. दावा नात्यांचा आहे : रिब आडवी ताणायला सैल, आणि हे सैलपण फाशांच्या रचनेतून येतं, धाग्याच्या रबरीपणातून नाही. इतकं म्हटलं तर वाक्य खरं आहे. माझ्या कॅशमिलॉनच्या रिबनेही तेच दाखवलं.

माझा आक्षेप ‘गुण’ या शब्दावर आहे. मॉडेलचा विषय आहे इलास्टिक प्रतिसाद. इलास्टिक म्हणजे ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत येणारं. ताण दिला की कापड इतकं लांबतं हे त्यातून कळतं. सहा आठवडे रोज घातलं, भिजलं, वाळलं, तर कापड कुठे परत येतं, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नाही. आणि अंगावर घालायच्या वस्तूचं पहिलं दुखणं तेच असतं. अंगावरच्या कपड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स हा उपयोग अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येच नावाने घेतलेला आहे, तर ‘इलास्टिक’ हे विशेषण त्या शेवटच्या वाक्यातही राहायला हवं होतं. एक शब्द गळला आणि वाक्य प्रयोगापेक्षा मोठं झालं. लेखकांनी फसवलं असं मी म्हणत नाही. आतला मजकूर वाचला असता तर मीही थांबले असते. पण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचूनच निर्णय घेणारे लोक जगात असतात हे लेखकांना ठाऊक असतं, आणि त्यांतली एक मी होते.

परत येण्याचा प्रश्न त्याच वर्षी दुसऱ्या गटाने हाताळला होता. जेरोम क्रासू, सॅम्युएल पोआंक्लू आणि ऑड्रे स्टाइनबर्गर, फिजिकल रिव्ह्यू लेटर्स, २०२४. त्यांचा प्रश्न जवळपास पोरकट वाटेल असा आहे : विणलेल्या कापडाचा मूळ आकार कुठला? उत्तर असं, की एकच मूळ आकार नसतो. धागा धाग्याला जिथे टेकतो तिथे घर्षण असतं; ताण सोडला की फासे परत सरकू बघतात, पण वाटेत घर्षण त्यांना कुठेतरी अडवतं. कुठे अडवलं त्यावर विश्रांतीचा आकार ठरतो. म्हणजे कापडाला आपला इतिहास आठवतो. हा पेपर मी पहिल्याच्या शेजारी ठेवून वाचला असता तर आत्याचं वाक्य मला अडाणीपणाचं वाटलं नसतं. दोन्ही पेपर आपापल्या जागी नीट आहेत. एकट्या पहिल्यावरून खरेदी करणं चूक होतं.

सॅम्पलबद्दलही एक गोष्ट, जी मला कुठल्याच पेपरने सांगितली नाही, विणताना कळली. अंगठ्यासाठी भोक ठेवायचं तर गोल विणता विणता पाच सेंटिमीटर पुढे-मागे सपाट विणावं लागतं, मग पुन्हा गोल. तेवढा तुकडा वेगळा दिसतो. धागा तोच, हात तोच, टाकेही तेवढेच. माझे उलट टाके सुलटपेक्षा सैल पडतात, बहुतेकांचे पडतात. गोल विणताना कापडाची बाजू पलटत नाही, त्यामुळे उलटची पट्टी कायम उलट टाक्यानेच बनते आणि ती पट्टी पूर्ण सैल होते. सपाट विणताना एका ओळीत जो टाका उलट घातला तो पुढच्या ओळीत मागच्या बाजूने सुलट घातला जातो, म्हणून सैलपणा दोन्ही पट्ट्यांत वाटला जातो. शिवाय सपाट तुकड्याला दोन मोकळ्या कडा असतात. दोन टोकं चिमट्यात धरून ओढला की तो मधे आकसतो. हातावरच्या नळीला उभी कडच नाही, ताण सगळीकडून गोल. सपाट तुकड्यावरची मापं नळीला जशीच्या तशी लावायची तर आधी हे तपासायला हवं. तुमच्याही विषयात असा ‘अंगठ्याजवळचा तुकडा’ असेल, जिथे नमुना आणि खरी वस्तू शेजारी शेजारी सापडतात. तो शोधा.

आता माझ्या स्वतःच्या ‘निष्कर्षा’वर टीका करते, कारण तो आधी मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. सहा आठवड्यांनी रुंदी ७ ची ९.५ झाली. घेर १९, मनगट १७. मग मी लोकरमिश्रित धाग्याचा दुसरा जोड विणला, तो टिकला, आणि मी जाहीर केलं की धाग्याने फरक पडतो. पण आई पहिला जोड बंबाच्या कढत पाण्यात धूत होती आणि तारेवर लटकवून वाळवत होती. लोकरीचा म्हणून दुसरा तिने गार पाण्यात धुतला. दोन गोष्टी एकदम बदलल्या. कॅशमिलॉन म्हणजे अ‍ॅक्रिलिक. ते गरम पाण्यात मऊ पडतं, आणि ताणलेलं असतानाच गार झालं तर तोच आकार धरून बसतं. मग ढिलेपणा घर्षणामुळे अडकलेल्या फाशांचा होता, की धाग्याच्या आतच आकार बसला होता? धागा वाईट होता, की धुणं?

थोडं वेगळं करता येतं. घर्षणाने अडलेले फासे हलवले तर सुटायला हवेत. धाग्यातच बसलेला आकार हलवून जाणार नाही. मी जुना एक हातमोजा गार पाण्यात भिजवला, सगळ्या बाजूंनी चोळून सैल केला, पिळला नाही, सपाट वाळवला. ९.५ चा ८.४ झाला. म्हणजे काही भाग फाशांचा, काही धाग्याचा, असं म्हणायला जागा आहे. एका हातमोज्यावरून याहून जास्त म्हणायला नाही.

म्हणून या हिवाळ्यात पुन्हा कॅशमिलॉनचाच जोड विणलाय, दोन्ही एकाच गुंड्यातून. एक बंबाच्या पाण्यात धुवायचा, दुसरा गार, वाळवायचे दोन्ही सपाट. ओळखायला गार पाण्याच्या हातमोज्याला लाल दोरा बांधलाय. आप्पांनी विचारलं, “एकालाच दोरा कशापायी?” मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांत घालून बघितले, उजव्या हाताने फावडं उचललं, खाली ठेवलं.

“जोर समदा उजव्या हातावर येतो,” म्हणाले. “दर आठवड्याला अदलाबदल करून घालू का?”

रिबच्या नळीला डावं-उजवं नसतं, त्यामुळे ते जमणारं आहे. माझ्या वहीत मात्र ते नव्हतं.