फौत, मयत, कालकथित : कन्नड तालुक्यातील मृत्युनोंदींचे वाचन

महसुली दप्तरात माणूस मरत नाही, तो 'फौत' होतो. शब्द अरबी, अर्थ मृत्यूच. पण तलाठ्याच्या तोंडी 'फौतीची नोंद घ्यायची आहे' हे वाक्य येते तेव्हा त्यात मृत्यू जवळजवळ नसतो. मयत खातेदाराचे नाव कमी करून वारसांची नावे सातबाऱ्यावर चढवायची, एवढाच त्याचा आशय. कन्नड तालुक्यातल्या जुन्या-नव्या मृत्युनोंदी गेली काही वर्षे मी वाचतो आहे. कोण केव्हा गेले हे शोधण्यासाठी या नोंदी उघडल्या जातात. पण त्या ज्यांनी लिहून घेतल्या त्यांची गरज वेगळीच होती. ती गरज ओळखल्याशिवाय नोंद वाचली तर तारीख हाती लागते, माणूस लागत नाही.

आधी गावाच्या नावाचीच अडचण. ग्रंथालयांच्या सूचीत 'कन्नड' शोधले की भाषा सापडते, तालुका सापडत नाही. पण खरी अडचण राजवटीची. औट्रम घाटाच्या खाली चाळीसगाव, म्हणजे ब्रिटिश खानदेश. घाटाच्या वर कन्नड, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान. लेकी घाटाखाली दिल्या जात, सुना वर येत. त्यामुळे एकाच घरातल्या दोन बहिणींचे मृत्यू दोन राज्यांच्या दोन पद्धतींत शोधावे लागतात. वरच्या बाजूचे कागद उर्दूत, काही मोडीत, आणि सन फसली. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, 'आजूर' महिन्यात सुरू होई. त्यात डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन येतो. संस्थान संपले ते १३५७ फसलीत. महिना न पाहता सरसकट ५९० मिळवणारे वंशावळकार पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वंशावळीत वडील गेल्यावर वर्षभर आधीच मुलगा वारस झालेला दिसतो.

नावांची घडणही पाहण्यासारखी. पुरुषापुढे 'वलद' आणि बापाचे नाव. बाईपुढे 'जोजे', किंवा आपल्या मराठवाडी कागदांत अजून दिसणारे 'भ्र.', म्हणजे भ्रतार. बाईचे माहेरचे नाव कागदाने टाकून दिलेले असते. नवऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर तिला शोधण्याचा मार्गच बंद. नवरा दोनदा लग्न केलेला असेल तर 'भ्र.'नंतरचे नाव तेच राहते आणि दोन बायका एका नावात विरघळतात.

या दप्तराला २०२३ साली अचानक वाचक मिळाले. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, आणि त्यांच्या जोडीला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना बोलावणी आली. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर माझे मत येथे अप्रस्तुत आहे. वाचनपद्धतीविषयी मात्र बोललेच पाहिजे. नमुना १४ हा मुळात गावातल्या मरणांचा कागद. कोणत्या महिन्यात किती लेकरे गेली, पटकी आली तेव्हा कोणत्या वस्तीत आधी आली, हे सांगू शकणारा. तो प्रथमच एवढ्या प्रमाणावर वाचला गेला, आणि वाचणाऱ्याचे बोट जातीच्या एका रकान्यावरून खाली सरकत राहिले. शेजारच्या रकान्यातले तापाने गेलेले मूल तसेच मिटून ठेवले गेले. यात कर्मचाऱ्यांचा दोष नाही, त्यांना तेवढेच काम दिले होते. पण ज्याच्या पणजोबाच्या नोंदीवर मुलाचा दाखला निघाला, त्यानेही पणजोबा कशाने गेले हे विचारलेले मी क्वचित पाहिले.

आजच्या नोंदीत जात नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला आणि कागदाचे रूप पालटले. मृत्यूच्या माहितीचा नमुना आता दोन भागांचा असतो. कायदेशीर भागात नाव, तारीख, ठिकाण, खबर देणारा. सांख्यिकी भागात धर्म, व्यवसाय, वैद्यकीय उपचार मिळाले का, तंबाखू-दारूची सवय होती का. हा दुसरा भाग फाडून वर पाठवला जातो. म्हणजे माणसाच्या जगण्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते आकड्यांत मिसळून जाते आणि गावात उरते ते नाव आणि तारीख. शिवाय कलम १७ प्रमाणे जो उतारा मागणाऱ्याला मिळतो त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अभ्यासकाच्या वाट्याला मात्र कारण नसलेले मरण येते.

आणखी एक गोष्ट नवख्या शोधकाला कोणी सांगत नाही. नोंद मृत्यू घडला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. पिशोरचा माणूस संभाजीनगरला 'घाटी'त गेला तर त्याची नोंद महापालिकेत. ऊसतोडीला गेलेली बाई कारखान्याच्या तळावर गेली तर त्या तिकडच्या ग्रामपंचायतीत, आणि तीही मुकादमाने किंवा घरच्यांनी एकवीस दिवसांत खबर दिली तर. गावच्या वहीत ती बाई जिवंतच आहे. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जमिनीचे वाटप निघते, भावकीत वाद होतो, मग 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश. अशा उशिरा झालेल्या नोंदी मी आवर्जून वेगळ्या काढतो. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांमधले अंतर म्हणजे त्या माणसाची कोणाला गरज पडायला लागलेला काळ. ज्याच्यामागे जमीन नाही, त्याच्यासाठी हे अंतर कधीच भरत नाही.

नोंदवहीत नसलेली जात वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत, तिचे नावही न घेता, हजर असते. निधनवार्तेला आपण साहित्यप्रकार मानत नाही. मृत्युलेख म्हटले की अत्र्यांकडे बोट दाखवतो, आणि आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या व अनंत भालेरावांनी वाढवलेल्या 'मराठवाडा'कडे मुक्तिसंग्रामातल्या माणसांसाठी वळतो. जिल्हा पानावरची चार ओळींची बातमी मात्र रद्दीत जाते. तिचा साचा ठरलेला : अल्पशा आजाराने किंवा वृद्धापकाळाने निधन, शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार, पश्चात मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार. 'अल्पशा आजाराने' हे शब्द कर्करोगालाही लागतात आणि विषालाही. पण नावाआधीचा शब्द आणि नंतरचा विधी वाचा. 'वै.' किंवा 'ह.भ.प.' असेल तर घरात माळ आहे. 'लिंगैक्य' म्हणजे लिंगायत, 'मरहूम' म्हणजे मुसलमान. 'कालकथित' लिहून पुढे पुण्यानुमोदनाचा किंवा जलदानविधीचा कार्यक्रम दिला असेल तर घर बौद्ध. दशक्रिया आणि तेरवी इकडची. उत्तरकार्य व गंधमुक्ती लिहिले असेल तर घरावर घाटाखालच्या खानदेशाची छाप आहे असे खुशाल समजावे. विधवा 'गं.भा.' होऊन जाते, सधवा 'सौ.' होऊन, विधुरासाठी मात्र भाषेने असे काही घडवलेले नाही.

यातला 'कालकथित' मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कैलास, वैकुंठ, स्वर्ग या पत्त्यांना नकार देऊन एका समाजाने आपल्या मृतांसाठी वेगळा शब्द रूढ केला. कन्नडच्या चौकातल्या पुण्यस्मरणाच्या फलकावर तो वाचायला मिळतो, आणि धर्मांतराचा परिणाम खेड्यापाड्यांत कुठवर पोचला याचा तो पुरावा आहे. सरकारी कागदात असा पुरावा मला मिळालेला नाही. फलक मात्र महिन्याभरात उतरतो आणि पुढे कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून पडतो. त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे हे माझ्या मते आज मोडी रुमाल जपण्याइतकेच निकडीचे आहे.

जुन्या पिढ्यांसाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी सांगितल्या जातात. त्या उपयोगी आहेतच. पण तिथवर जाण्याची ऐपत ज्यांना होती आणि ज्यांना तिथे पाटावर बसू दिले जाई, त्यांच्याच.

राहिला एक कागद, ज्यात कारण लिहिलेले असते, नव्हे लिहावेच लागते. शेतकरी आत्महत्येच्या मदतीचे प्रकरण. नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे सिद्ध झाले तर 'पात्र' आणि एक लाख रुपये; नाहीतर 'अपात्र'. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, बँकेचा थकबाकी दाखला, सातबारा, जबाब. कन्नडसारख्या तालुक्यात एका सामान्य माणसाच्या मरणाविषयी इतके लेखन दुसरीकडे कुठे होत नाही. आणि येथेही पहिला प्रश्न फौतीचाच : सातबारा कोणाच्या नावे? शेतात राबणाऱ्या बाईने जीव दिला आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर असला, तर ती शेतकरी होती हेच आधी सिद्ध करावे लागते.

या प्रकरणांतला मला थांबवणारा भाग म्हणजे विधवेचा जबाब. भाषा लिहून घेणाऱ्याची, 'सदर', 'इसम', 'समक्ष' यांनी भरलेली. पण मध्येच एखादे वाक्य तिचे तिचे उतरलेले असते : त्या दिवशी सकाळी तो काय बोलला, जेवला की नाही, बैल सोडले की नाही. खाली अंगठा, आणि अंगठ्याशेजारी कारकुनाच्या अक्षरात तिचे नाव, 'भ्र.' लावून.